मंगरूळचा दत्त आणि मागे उभी असलेली गाय

दत्ताची तसबीर आपण ज्या क्रमानं पाहतो तो जवळजवळ ठरलेला असतो. आधी तीन मुखं, मग सहा हातांतली आयुधं, मग पायाशी घुटमळणारी चार कुत्री, आणि सगळ्यांत शेवटी, तेही लक्ष गेलंच तर, मागे औदुंबराच्या सावलीत उभी असलेली गाय. जाणती माणसं सांगतात की ती पृथ्वी आहे आणि ती चार कुत्री म्हणजे चार वेद. पण लहानपणी आपल्याला ती नुसती गाय वाटते, शांत, किंचित कंटाळलेली, चित्रातल्या थोरामोठ्यांशी फारसा संबंध नसलेली. उमेश विनायक कुलकर्णी दिग्दर्शित आणि गिरीश कुलकर्णी लिखित ‘देऊळ’ हा २०११ सालचा चित्रपट ही तसबीर उलट्या क्रमानं पाहतो. तो गाईपासून सुरू होतो. मंगरूळ नावाच्या गावातला केशा नावाचा भाबडा तरुण ‘करडी’ नावाच्या हरवलेल्या गाईला शोधत माळरान तुडवतो, ती सापडल्यावर उन्हानं शिणून झाडाखाली आडवा होतो, आणि तिथे त्याला दत्त दिसतात. गाय शोधायला गेलेल्याला देव सापडतो. पुढचा सगळा चित्रपट हा देव सापडल्यावर गाईचं काय झालं याचा आहे, असं मी म्हटलं तर आपल्याला ते आधी थोडं चमत्कारिक वाटेल; पण जरा थांबू या.

त्या दर्शनाच्या क्षणाशीच आपण आधी थोडं रेंगाळू. आजवर पडद्यावर देव किती तरी वेळा प्रकटले आहेत: धुराचे लोट, घंटानाद, चेहऱ्यामागे फिरणारं तेजोवलय. इथे त्यातलं काहीही फारसं महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आहे ते केशाचं दचकणं आणि त्यानंतरचं त्याचं बेभान धावणं. गिरीश कुलकर्णी यांनी केशा साकारताना स्वतःच्या अंगातली सगळी शहाणी माणसं बाहेर बसवून ठेवली आहेत असं वाटतं. त्याच्या डोळ्यांत भक्ती नाही, आधी भीती आहे. आणि भीतीच्या पाठोपाठ आलेला, कोणाला तरी सांगितल्याशिवाय जिवंत राहता येणार नाही असा आनंद आहे. आपण हसतो. हसताना आपल्याला वाटतं की दिग्दर्शकही आपल्याबरोबर केशाला हसतो आहे. तसं ते नाही. केशाला जे दिसलं ते खरं की उन्हाचा ताप, या प्रश्नाकडे चित्रपट फिरकतही नाही. त्याच्या अनुभवाला तो हात लावत नाही. ही सभ्यता फार दुर्मीळ आहे, आणि ‘देऊळ’मधला सगळा विनोद या एका सभ्यतेवर उभा आहे. केशाची श्रद्धा निष्कलंक ठेवल्यामुळेच तिच्याभोवती जमणारी बाकीची माणसं आपल्याला इतकी लख्ख दिसू लागतात.

त्यांत पहिले अण्णा. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा कुलकर्णी हे गावातलं वाचणारं, विचार करणारं माणूस. गावात इस्पितळ व्हावं ही त्यांची तळमळ. ते केशाला जे सांगतात त्याचा आशय एवढाच की, बाबा रे, तुला दिसलं ना, मग ते तुझ्यापाशी ठेव. किती साधा सल्ला! आणि किती अशक्य! ज्या गावात कोणाच्या घरी काल काय शिजलं हे आज पारावर कळतं, तिथे दत्त दिसल्याची गोष्ट एका माणसाच्या पोटात राहावी ही अपेक्षाच मुळात शहरी. प्रभावळकरांचा अभिनय इतका हळुवार आहे की हा सल्ला उपदेश न वाटता काळजी वाटतो, आणि त्या काळजीतच पुढच्या पराभवाची सगळी बीजं आहेत. याच कुलकर्णीद्वयीच्या ‘वळू’त प्रभावळकर गावचे भटजी झाले होते आणि आपण खदखदून हसलो होतो, त्याच माणसाला इथे गावाच्या विवेकाचं ओझं वाहताना पाहणं हा जाणकार प्रेक्षकाला मिळणारा वेगळाच आनंद आहे.

बातमी फुटते. इथून पटकथा ज्या रीतीनं गावभर पसरते त्यातली कारागिरी दुसऱ्यांदा पाहताना जास्त कळते. एकेका माणसाच्या हाती ती बातमी जाते आणि प्रत्येकाच्या हातात तिचं काहीतरी वेगळंच होतं. रिकामटेकड्या पोरांच्या हातात तिची मोहीम होते, सरपंचबाईंच्या हातात ठराव होतो, दुकान मांडू पाहणाऱ्याच्या हातात भांडवल, आणि तालुक्याच्या पत्रकाराच्या हातात मथळा. या पत्रकाराचं नाव महासंग्राम. नुसतं नाव ऐकूनच आपल्याला त्याचं सगळं चरित्र कळतं. किशोर कदम, म्हणजे आपले कवी सौमित्र, ही भूमिका अशा गांभीर्यानं करतात की हा माणूस स्वतःला खरोखरच लोकशाहीचा आधारस्तंभ समजतो याबद्दल शंका राहत नाही. एक कवी बातमीदाराचं सोंग घेऊन शब्दांची उधळपट्टी करतो आहे, हा त्या निवडीतला खट्याळपणा मला फार आवडतो.

कोल्हापूरच्या माणसाला या गावाकडे पाहताना आणखी एक गंमत जाणवते, कारण पडद्यावरचं मराठी खेडं घडलंच मुळी आमच्याकडे. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला आणि कर्जात बुडणारा शेतकरी मूकपटात आणला. पुढे भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओच्या आवारात कित्येक चावड्या, वाडे आणि पार उभे राहिले. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’नं तर तमाशाच्या फडाला आणि गावच्या माजोरड्या पाटलाला घराघरांत पोचवलं. त्या परंपरेनं आपल्याला एक सवय लावली: गावात वाईट काही घडलं की त्यामागे एक मिशीवाला असतो, त्याच्या हातात अडकित्ता असतो, आणि तो वाड्यात बसून कट शिजवतो. शेवटी त्याला शासन झालं की गाव शुद्ध. ‘देऊळ’ ही सवय अतिशय प्रेमानं मोडतो. नाना पाटेकरांचा भाऊ गलांडे हा त्या जागी आलेला माणूस आहे. सत्ता त्याच्याकडे आहे, गाव त्याच्या शब्दाबाहेर नाही. पण त्याला खलनायक म्हणायला आपली जीभ रेटत नाही. तो अण्णांना मानतो. इस्पितळाची कल्पना त्याला मनापासून पटलेली असते. लोकांना मात्र इस्पितळ नको, देऊळ हवं असतं, आणि लोकांच्या मागे चालत त्यांच्या पुढे असल्याचा देखावा करणं हेच ज्याचं राजकारण, तो यापेक्षा वेगळं काय करणार?

नानांच्या या कामाबद्दल थोडं अधिक. आरडाओरडा, दातओठ खाणं, संतापाचे झटके ही त्यांची ठेवणीतली शस्त्रं. ती इथे बहुतेक म्यानात आहेत. भाऊ अण्णांशी बोलतो तेव्हा आवाजात आर्जव असतं, किंचित ओशाळलेपण असतं, आणि तरी त्या आर्जवाच्या तळाशी निर्णय होऊन गेलेला असतो. एकाच वेळी माफी मागणारा आणि मागे न हटणारा हा स्वर आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेला आहे; कुठल्याशा कार्यालयात, नात्यातल्या वाटणीच्या बैठकीत, सोसायटीच्या सभेत. भाऊला स्वतःचं पाप कळतं, पण त्याला ते पाप वाटत नाही, अपरिहार्यता वाटते. काळ्या विनोदाचा काळेपणा इथे आहे. कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाची मागणी वाजवी आहे: कोणाला टपरी टाकायची आहे, कोणाला लग्न करायचं आहे, कोणाला निवडणूक, कोणाला चार पैसे आणि कोणाला चार लोकांत मान. या सगळ्या वाजवी मागण्यांची बेरीज मात्र भयंकर येते. एवढी निर्दोष बेरीज मराठी पडद्यावर क्वचितच कोणी मांडली असेल.

आणि ही बेरीज आपल्याला राजारामपुरीत बसून करता येते. गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी इथल्या मुख्य रस्त्यावर आगमनाची मिरवणूक निघते तेव्हा गल्ल्यागल्ल्यांतून मंडळं येऊन मिळतात. कोल्हापुरात विसर्जनाची मिरवणूक सगळीकडची, पण आगमनाचा थाट राजारामपुरीचा. प्रकाशाचे झोत आभाळात, डॉल्बीचा ठोका छातीत, खिडक्यांची तावदानं थरथरताहेत, आणि त्या सगळ्याच्या मधोमध बाप्पा. आवाजाच्या मर्यादेवर दरवर्षी बैठका होतात. मी त्या रस्त्याकडेला उभा राहिलो आहे, वर्गणीची पावती फाडून घेतली आहे आणि, खरं सांगायचं तर, मला ते आवडतंही. ‘देऊळ’ पाहताना हे आवडणं अंगावर येतं. मंगरूळची पोरं देवासाठी धावपळ करतात तेव्हा ती खोटी नसतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी काम सोपवलेलं असतं, त्यांच्या नावाला फलकावर जागा मिळालेली असते. त्या उत्साहात एक करुण सौंदर्य आहे. दिग्दर्शकानं ते सौंदर्य पुरेपूर टिपलं आहे, आणि म्हणूनच आपली टिंगल झाली असं आपल्याला वाटत नाही. आपण ओळखले गेलो असं वाटतं.

अशी ओळख पटवणारा आणखी एक मुलूख आहे, आयर्लंड. तिथल्या मेयो परगण्यातल्या नॉक नावाच्या खेड्यात १८७९च्या ऑगस्टमध्ये पावसाळी संध्याकाळी चर्चच्या भिंतीपाशी काही गावकऱ्यांना मेरीमातेचं दर्शन झालं. यात्रा सुरू झाली, वाढत गेली, आणि शंभर वर्षांनंतर जेम्स होरन नावाच्या तिथल्या पाद्र्यानं हट्टानं पाठपुरावा करून त्या आडबाजूच्या माळावर चक्क विमानतळ उभारून घेतला. १९८६ साली त्याचं उद्‌घाटन झालं. त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कॉर्क परगण्यातल्या बॅलिनस्पिटल गावी मेरीची मूर्ती हलते अशी वार्ता पसरली आणि हजारोंची रीघ लागली. आपण हसण्यापूर्वी २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवावा. गणपती दूध पितो म्हणून देशभर वाट्या-चमचे घेऊन रांगा लागल्या होत्या. मंगरूळला विमानतळ मिळाला नाही, एवढाच काय तो फरक.

या आयरिश मातीतूनच तिकडची ब्लॅक कॉमेडी उगवली आहे. मार्टिन मॅकडॉना यांचा २०२२चा ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. १९२३ साल, मुख्य भूमीवर यादवी युद्ध, आणि एका काल्पनिक बेटावर कोल्म नावाचा फिडलवादक पॉड्रिक या आपल्या जुन्या मित्राशी एके दिवशी बोलणंच बंद करतो. कारण? तो रटाळ आहे, बस्स. पुन्हा बोललास तर माझंच एकेक बोट कापीन, ही त्याची धमकी, आणि तो ती पाळतो. तिथेही गाव आहे, दुसऱ्यांची पत्रं उघडून वाचणारी दुकानदारीण आहे, मुलाला मारणारा पोलीस आहे, कुजबुजीवर जगणारा गुत्ता आहे. आणि तिथेही एक जनावर आहे: जेनी नावाची बुटकी गाढवी, जिला पॉड्रिक बहिणीचा विरोध असूनही घरात घेतो. दोन माणसांच्या अहंकाराची किंमत शेवटी जेनी भरते. आता ‘वळू’ आठवा. २००८च्या त्या चित्रपटात कुसवडे गावात काहीही बिघडलं की दोष डुरक्या या वळूचा; त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो, त्याचा भाऊ त्यावर माहितीपट काढू लागतो, आणि कॅमेऱ्यासमोर येणारा प्रत्येक गावकरी ज्या वळूचं वर्णन करतो तो त्याचा त्याचा वळू असतो. डुरक्याला समजून घेणारी एकटी वेडी जनी. रेणुका दफ्तरदारांनी ती भूमिका केली आहे. गावच्या हिशेबात शहाणी नसलेली बाई आणि बोलू न शकणारं जनावर यांची ती जवळीक, खरं पाहता, त्या सगळ्या गडगडाटी विनोदाच्या मध्यभागी ठेवलेला एक अबोल आरोप आहे.

जेनी, डुरक्या, करडी. तीन जनावरं, आणि तिघांभोवती अखंड बडबडणारी माणसं. या जातीच्या विनोदाला असं मूक जनावर का लागतं? मला वाटतं, माणसं एकमेकांना फसवतात तेव्हा त्यात दोन्ही बाजूंची थोडीबहुत संमती असते. प्रत्येकाच्या लबाडीला दुसऱ्याची लबाडी उत्तर देते, आणि त्यातून हशा पिकतो. जनावराला उत्तर देता येत नाही. त्याच्यापाशी पोचला की हशा अडतो. ‘देऊळ’मध्ये केशा जेव्हा जेव्हा करडीजवळ असतो तेव्हा दृश्यातला गोंगाट कसा ओसरतो ते पाहा, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा, जो गावात शिरला की माणसांच्या गर्दीनं भरून जातो, तो इथे उजाड माळाला, उन्हाला आणि एका गाईच्या पाठीला पुरेशी जागा देतो. मंगेश धाकडे यांच्या संगीताबद्दलही तेच; बाजारातला ठेका वेगळा आणि माळावरचा श्वास वेगळा. चित्रपट जसजसा पुढे सरकतो तसतसा बाजार वाढत जातो आणि माळ आकसत जातो. हारांची, प्रसादाची, तसबिरींची दुकानं लागतात. प्रत्येक तसबिरीत गाय आहेच; फक्त खऱ्या गाईकडे बघायला कोणाला सवड नाही. हा उपरोध एकाही संवादात सांगितलेला नाही. तो आपल्याला सापडावा म्हणून ठेवून दिलेला आहे.

कोल्हापूरच्या दत्तभक्ताला यापुढे नृसिंहवाडीची आठवण येणं अटळ. शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, आपली वाडी. तिथे मूर्ती नाही, पादुका आहेत. पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी थेट गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजातून बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक गर्दी करतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणायचं. वाडीतही पेढे आहेत, बासुंदी आहे, कवठाची बर्फी आहे, गुरुवारी आणि पौर्णिमेला गाड्यांची रांग आहे. बाजार नाही असं कोण म्हणेल? पण वर्षातून कधीतरी नदी येते आणि सगळ्या व्यवहाराला बाजूला सारून देवाची गाठ घेऊन जाते. मंगरूळच्या देवळाला अशी नदी नाही. तिथे सगळं माणसांनीच आणलेलं आहे, जमीन, मूर्ती, ठराव, मथळा आणि गर्दी, आणि त्यामुळे थांबवणारंही तिथे कोणी उरलेलं नाही. अण्णा गाव सोडतात यात नवल वाटत नाही.

एका गोष्टीवर मन किंचित अडतं, तेही सांगून टाकतो. उत्तरार्धात बाजाराची दृश्यं थोडी अधिक झाली आहेत. मुद्दा आपल्या केव्हाच ध्यानात आलेला असतो आणि पटकथा तो पुन्हा दाखवत राहते. सोनाली कुलकर्णींच्या वहिनीसाहेबांकडे आणि अतिशा नाईक यांच्या सरपंचबाईंकडे त्यातला वेळ वळवला असता तर चित्रपट आणखी श्रीमंत झाला असता. खुर्ची बाईची आणि कारभार दुसऱ्याचा, हे महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींतलं उघड गुपित अतिशा नाईक यांनी ज्या अवघडलेल्या रुबाबात उभं केलं आहे, तो रुबाब पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. बाई सही करताना अधिकारी दिसतात आणि सही झाली की पुन्हा सून. पण रसिकानं ताटातल्या वाटीच्या आकारावरून जेवण नाकारू नये.

शेवट मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो की केशा जे करतो ते त्याच्यासारख्या माणसालाच सुचू शकतं, आणि गाव त्यावर जे करतं ते कुठल्याही गावाला सुचेल. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘देऊळ’ला ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. गिरीश कुलकर्णी यांना अभिनयाचा आणि संवादांचा असे दोन पुरस्कार मिळाले. संवादांचा पुरस्कार मला अधिक मोलाचा वाटतो. या चित्रपटातली माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, अर्धवट सोडतात, मान हलवून होकार देतात आणि नंतर नेमकं उलटं वागतात. लिहिलेल्या ओळी आहेत याची शंकासुद्धा येऊ नये इतकं ते बोलणं ऐकलेलं आहे. तेव्हा आपण असं करू या: आधी ‘वळू’ पाहावा, दुसऱ्या दिवशी ‘देऊळ’. दोन्ही एकट्यानं पाहू नयेत, घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि शक्यतो मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्यालाही शेजारी बसवावं, आणि कोण कुठे हसलं याकडे लक्ष ठेवावं.